आवक शिक्का मारलेला बैल

अर्जदार : पुंडलिक तुळशीदास मळीक, वय बावन्न, राहणार लाटंबार्से, तालुका डिचोली. शिक्षण नववी उत्तीर्ण, दहावी अर्धी. धंदा अर्जलेखन, चोवीस वर्षे.

विरुद्ध : उल्हास, कारकून, गुरांच्या दवाखान्याची एक कचेरी. त्याचे आडनाव व कचेरीचे गाव त्याच्याविरुद्धच्या वेगळ्या तक्रारीत दिलेले असल्यामुळे येथे देत नाही.

साक्षीदार पहिली : सौ. शेवंती, अर्जदाराची पत्नी. साक्षीदार दुसरा : दिगंबर, पत्नीचा भाऊ, मुरगाव बंदरावर क्रेन चालवतो. साक्षीदार तिसरा : मोरो, बैल, मयत.

घटनेचे दिवस : आषाढातला एक बुधवार, चवथीचा दुसरा दिवस, त्यापुढचा दुसरा गुरुवार, आणि पितृपक्षातला एक सोमवार.

त्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलाच्या मानसोपचार विभागात मला सांगण्यात आले की मी बैल नाही.

मला ते मान्य नव्हते. मी उभा होतो, कारण खुर्चीत बसणे मला तेव्हा शक्य वाटत नव्हते. डॉक्टरबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी केसपेपरवर दोन आजार लिहिले. पहिला सायकोटिक डिप्रेशन, म्हणजे मन इतके खचणे की जे नाही ते खरे वाटू लागते. दुसरा क्लिनिकल लायकॅन्थ्रोपी, म्हणजे आपण जनावर झालो आहोत असे माणसाला ठाम वाटणे, आणि नुसते वाटणे नव्हे, तसे त्याच्या अंगाला जाणवणे. त्या शेवंतीला म्हणाल्या, "दुसरा आजार फार क्वचित दिसतो. मी पुस्तकात वाचला होता. समोर आज पहिल्यांदा बघते आहे."

बरा झाल्यावर मी चौकशी केली तेव्हा कळले की लायकॅन्थ्रोपी हा शब्द मूळचा लांडग्यावरून आलेला आहे. मी लांडगा कधीच नव्हतो. केसपेपर दुरुस्त करावा असा एकपानी अर्ज मी विभागाकडे दिला. डॉक्टरबाईंनी तो वाचला, फाईलला लावला, आणि जगात सगळीकडे हाच शब्द वापरतात असे सांगितले. जगाची चूक जगाने दुरुस्त करावी. माझी हरकत नोंदलेली आहे.

ज्यांना एव्हाना हसू आले असेल त्यांनी येथेच थांबावे. त्यांचे हसणे मी सहा महिने ऐकले आहे, त्यात नवीन काही नाही. हे निवेदन ज्यांच्या घरात असा माणूस आज गप्प होऊन कोपऱ्यात उभा आहे त्यांच्यासाठी आहे. आणि ज्याने माझ्यावर शिक्का मारला त्याच्यासाठी आहे.

आता क्रमाने.

तालुक्याच्या कचेरीबाहेर एका आंब्याखाली माझे मेज आहे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, वाटेचा तंटा, भावाभावांतली वाटणी, जे येईल ते मी लिहितो. लिहिताना मी कोणाची बाजू घेत नाही. समोर बसलेला माणूस जे सांगेल त्याला भाषा देणे हे माझे काम, आणि ती भाषा देणारा माझ्यासारखा दुसरा या तालुक्यात नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो, कारण इतरांना सांगण्याची बुद्धी होत नाही.

आषाढातल्या त्या बुधवारी आमच्याच गावचा एक दुकानदार आला. सडकेवर गुरे बसतात, पावसात दिसत नाहीत, स्कूटरवाले पडतात, अशी त्याची तक्रार. मी ती पंचायतीच्या नावे लिहून दिली. त्यातले एक वाक्य असे होते : "सदर जनावरे कोणाच्याही मालकीची नसून जनतेच्या जीवितास धोका आहेत." दुकानदाराने सांगितले होते फक्त, "गोरवां उखलून व्हरात," म्हणजे गुरे उचलून न्या. बाकीचे शब्द माझे होते. लिहून झाल्यावर मी ते वाक्य त्याला दोनदा वाचून दाखवले, कारण ते मला आवडले होते.

माझ्या अर्जावर इतक्या वेगाने कारवाई पूर्वी कधी झाली नव्हती. तक्रारीची प्रत पंचायतीच्या बोर्डावर लागली आणि आठव्या दिवशी गाडी येऊन सडकेवरची सात गुरे कोंडवाड्यात घेऊन गेली. त्यात मोरो होता.

मोरो माझा बैल. चौदा वर्षे त्याने आमच्या शेतात नांगर ओढला. गावात ट्रॅक्टर आल्यापासून त्याला काम नव्हते, म्हणून सकाळी मी त्याला सोडून द्यायचो आणि तिन्हीसांजेला तो आपल्या पायांनी गोठ्यात यायचा. सरकारी नोंदणीचा पिवळा बिल्ला त्याच्या कानात होता. तो काट्याच्या तारेत अडकून तुटला. दुसरा बिल्ला मिळावा म्हणून गुरांच्या दवाखान्यात अर्ज द्यावा लागतो. असे अर्ज मी गावातल्या निम्म्या लोकांना लिहून दिले होते. स्वतःच्या बैलाचा लिहायचा राहिला.

चौथ्या दिवशी शोधत शोधत मी तालुक्याबाहेरच्या त्या कोंडवाड्यात पोचलो. रखवालदार बरा माणूस होता. तो म्हणाला, "तो म्हातारो बैल? काल गेलो. चारो घाल्लो, पूण तोंड लायलें ना. बिल्लो नाशिल्लो, कोणाक फोन करपाचो?"

त्याने मला मोरोचे दावे परत दिले. ते ओले होते.

घरी मी सांगितले की मोरो डोंगरावर मेला, वय झाले होते.  शेवंतीने दावे माझ्या हातातून घेऊन गोठ्याच्या खुंटीला अडकवले.

या आजाराची सुरुवात कशी होते हे विचारणाऱ्यांसाठी लिहितो. आधी झोप गेली. नंतर जीभ जड झाली, शब्द तोंडात मावेनात. मग मानेवर वजन आले, जू ठेवल्यासारखे, आणि ते दिवसभर उतरत नसे. शेतावरून वारा आला की भाताच्या लोंबीचा वास इतका जवळून येई की तोंडाला पाणी सुटे. आरशात माझाच चेहरा दिसायचा, पण दुसऱ्याच्या अर्जावर चुकून चिकटवलेल्या फोटोसारखा.

शेवटी हात गेला. करंगळी आणि अनामिका एकमेकींना चिकटल्या. मधले बोट आणि तर्जनी चिकटली. आंगठा कुठे गेला ते कळेना. डोळ्यांना पाच बोटे दिसत होती, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण हाताला ती नव्हती. हाताच्या जागी दोन फाकांचा खूर होता, आणि खुराने पेन धरता येत नाही. मेजावर माणसे समोर बसली असताना मी पेनकडे बघत राहायचो. माणसे उठून शेजारच्या टायपिंगवाल्याकडे जायची.

हे सोंग होते असे म्हणणारे गावात आहेत. चोवीस वर्षांची रोजीरोटी सोंगासाठी कोण सोडतो, याचे उत्तर त्यांनी लेखी द्यावे.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आरतीला वाड्यावरची माणसे आली होती. गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधलेली होती. आमच्याकडे लाकडी चौकटीला आंब्याचे टहाळे, नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळे बांधून ती देवावर टांगतात. आरती चालू असताना मी मान वर केली आणि माटोळीचे आंब्याचे पान तोंडाने ओढून चावले. मग दुसरे. झांजा थांबल्या.

कोणीतरी बाई म्हणाली, "पुंडलिकान माटोळी खाल्ली गे!"

दुसरी म्हणाली, "भूक लागल्या जातली. शेवंती जेवण घालिना काय कितें?"

त्यावर जे हसले त्यांची नावे मला पाठ आहेत. त्यांच्यापैकी चौघांचे म्युटेशनचे, म्हणजे जमिनीच्या फेरफाराचे, अर्ज मी लिहिलेले आहेत. देवाला लागले, पूर्वजांचे काहीतरी आहे, कौल लावा, भूत उतरवणाऱ्या घाड्याला बोलवा, असे सल्ले त्या दिवशी भरपूर मिळाले. डॉक्टरकडे न्या, असे एकानेही सांगितले नाही.

पुढचा दुसरा गुरुवार हा या प्रकरणाचा मुख्य दिवस.

त्याआधीचे दोन दिवस मी अन्नाला शिवलो नव्हतो. मोरोला बिल्ला नव्हता म्हणून नेले, मलाही बिल्ला नाही, म्हणून मलाही नेणार, एवढा एकच विचार डोक्यात फिरत होता. बाहेर गाडीचा आवाज झाला की मी गोठ्यात जाऊन भिंतीला लागून उभा राही. शेवंती पेजेचे ताट घेऊन मागे मागे यायची.

"दोन कुलेर तरी घेयात," ती चमचा पुढे करत म्हणाली. "म्हजेखातीर घेयात."

"अर्ज बरय," मी म्हणालो. "बिल्ल्याचो. मागीर खातां."

शेवंती सातवी शिकलेली आहे. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. "अर्जदार हा बैल असून त्याच्या कानास बिल्ला नाही. बिल्ल्याअभावी त्यास बेवारस समजून नेण्यात येईल अशी रास्त भीती वाटते. तरी त्यास बिल्ला मिळावा." खाली सही हवी होती. पेन मला धरता येत नव्हते, म्हणून शाईच्या पॅडवर मूठ दाबून कागदावर उमटवली. मग मी ताटाला तोंड लावून पेज खाल्ली. सगळी खाल्ली.

त्या अर्जात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या आणि दोन ठिकाणी अक्षर पाण्याने फुटले होते. नवऱ्याच्या पोटात अन्न जावे म्हणून तिने तो लिहिला. तिला शहाणपण शिकवायला कोणी येऊ नये.

अर्ज देण्यासाठी मी हट्ट धरला तेव्हा ती मला बसने त्या कचेरीत घेऊन गेली. मला दाराशी उभे करून ती खिडकीकडे गेली आणि मी आजारी आहे हे उल्हास कारकुनाला हळूच सांगू लागली, ते मला ऐकू आले : "दादा, ते दुयेंत आसात. कागद फकत घेतलो म्हणात आनी आमकां धाडून दियात."

एवढेच त्याने करायचे होते. कागद घेऊन खणात टाकायचा होता.

त्याने तो मोठ्याने वाचला. आतली दोन माणसे खुर्च्या मागे सारून आली.

"बैलबाब खंय आसा?" उल्हास म्हणाला. "अरे हांगाच! येयात, येयात, बसात. ना ना, बैल खंय बसता खुर्चेर? उबे रावात."

एक म्हणाला, "उल्हास, दात मोजून घे, रजिस्टरांत वय बरोवचें पडटलें."

उल्हासने रजिस्टर उघडले. क्रमांक घातला. अर्जावर गोल शिक्का मारला, शिक्क्याखाली सही केली, आणि समासात लाल पेनने शेरा लिहिला : "अर्जदारास तपासणीसाठी दाव्यासह हजर करावे." मग मोबाईल काढून फोटो घेतला. आमची बस लाटंबार्सेला पोचण्याआधी तो फोटो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला होता.

लोकांना वाटते त्या फोटोने माझे नुकसान झाले. फोटोने अपमान झाला. नुकसान शिक्क्याने केले.

चोवीस वर्षे मी शिक्क्यावर जगलो आहे. माणूस तोंडाने काय बोलतो त्याला कचेरीत किंमत नसते, कागदाला असते, आणि कागदाला किंमत शिक्क्याने येते. तोपर्यंत माझ्या मनात कुठेतरी एक बारीक शंका उरली होती की मी माणूस असेन. दिवसातून एकदोनदा ती वर यायची. गोल शिक्का बघितला आणि ती बुडाली. सरकारने मला बैल म्हणून दाखल करून घेतले होते, क्रमांकासह.

त्या दिवसापासून मी घरात आलो नाही. गोठ्यात राहिलो. भात सोडला. शेवंती सांगते की मी मोरोचे दावे खुंटीवरून काढून गळ्यात घेतले होते. मला ते आठवत नाही, पण तिची साक्ष मी मान्य करतो.

असे दहा दिवस गेले. मग त्या सोमवारी सकाळी दिगंबर कुणाची तरी पिकअप घेऊन आला. तो माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. गाडीत पुढे बस म्हणून त्याने मला ओढले नाही. त्याने गोठ्यातले गवत उचलून पिकअपच्या मागच्या भागात पसरले, फळी लावली आणि बाजूला झाला. मी चढलो. शेवंती गवतावर माझ्या शेजारी बसली. डिचोलीच्या बाजारातून गाडी जाताना लोकांनी बोटे दाखवली. दिगंबर मागे वळून ओरडला, "भियेनाका, ताई, पदर घे तोंडार. हांव हॉर्न मारतां." आणि शहर येईपर्यंत तो हॉर्न मारत राहिला, म्हणजे कोण काय बोलते ते आम्हाला ऐकू येऊ नये. दिगंबरशी माझे वाटेच्या तंट्यावरून सात वर्षे बोलणे नव्हते. ही नोंद येथे मुद्दाम करतो.

हॉस्पिटलात पहिला आठवडा तपासण्यांत गेला. रक्त घेतले, थायरॉईड आणि जीवनसत्त्व बघायला. ईईजी केला, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतली वीज कागदावर काढतात. एमआरआय केला, म्हणजे बोगद्यासारख्या मशीनमध्ये घालून मेंदूचे फोटो घेतात. त्यात खिळे ठोकल्यासारखा आवाज येतो. मला वाटले नाल मारत आहेत. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. नॉर्मल म्हणजे आजार नाही असे समजू नये. मेंदूत गाठ नाही, फिट नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गोळ्या मी नाकारल्या. डॉक्टरबाईंना सांगितले की मी नोंदणीकृत आहे, माझ्यावर उपचार करायचे तर गुरांच्या दवाखान्याची परवानगी लागेल. त्या हसल्या नाहीत. पहिले काही दिवस इंजेक्शने दिली. झोप आली. किती आठवड्यांनी झोप आली ते मोजता येणार नाही. झोपेनंतर गोळ्या घेऊ लागलो, सकाळी उंडो पाव चहात बुडवून खाऊ लागलो, पण शेवंतीने भरवला तर.

पंधरा दिवसांनी डॉक्टरबाईंनी शेवंतीकडून त्या अर्जाची पोच मागून घेतली. पोच म्हणजे शिक्का मारलेली दुसरी प्रत. ती त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"मला कचेरीतले काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "या शिक्क्यात काय लिहिले आहे ते सांगता?"

"आवक," मी म्हणालो.

"म्हणजे काय?"

हा प्रश्न मला चोवीस वर्षे लोक विचारत आले आहेत. शिक्का बसला म्हणजे काम झाले असे समजून माणसे नाचत घरी जातात, आणि मी त्यांना थांबवून सांगतो : आवक म्हणजे कागद मिळाला. मंजूर झाला असे नव्हे. मी तोंड उघडून तेच वाक्य बोलू लागलो, आणि अर्ध्यावर थांबलो.

 डॉक्टरबाईंनी विचारले, "म्हणजे अजून कोणी मंजुरी दिलेली नाही?"

"ना," मी म्हणालो. "प्रलंबित आहे."

गुण गोळ्यांचा, असे डॉक्टरबाई म्हणतात. पंधरा दिवसांच्या गोळ्या पोटात नसत्या तर त्या प्रश्नाचा काही उपयोग झाला नसता, आणि नातेवाइकांनी रुग्णाशी वाद घालून त्याला पटवू नये, असे त्या बजावून सांगतात. ते मी येथे लिहितो. पण तो प्रश्न विचारण्याची अक्कल गोळीत नसते, हेही लिहितो.

दुसऱ्या दिवशी करंगळी सुटली. मग एकेक.

बोटे सुटल्यावर मी डॉक्टरबाईंना आषाढातल्या तक्रारीचे सांगितले, ते वाक्य शब्दशः सांगितले. शेवंती दाराशी होती. मी मान खाली घातली.

ती म्हणाली, "म्हाका खबर आशिल्लें. पंचायतीच्या बोर्डार तुमचें अक्षर पळयलेलें हांवें."

"मग बोललीस का नाही?"

"तुमी डोंगरार मेलो म्हणून सांगलें. कितें बोलूं?"

तीन महिने ती ते एकटी जाणत होती. त्या वॉर्डात, कांजीचा वास आणि पंख्याची खडखड चालू असताना, मी मोरोसाठी पहिल्यांदा रडलो. माणसासारखा रडलो. तोपर्यंत मी त्याच्यासाठी काय केले होते? त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो होतो, तेवढेच.

दिवाळीला घरी सोडले. तिसऱ्या दिवशी पाडवा, आमच्याकडचा गोरवांचा पाडवा. त्या दिवशी गुरांना न्हाऊ घालतात, गळ्यात हार घालतात, तांदळाचे पोळे खाऊ घालतात. आमचा गोठा रिकामा होता. सकाळी दार उघडले तर उंबऱ्यावर केळीच्या पानात पोळे वाढलेले, आणि कडीला झेंडूचा हार. हार मोठा होता. मानेच्या मापाचा.

 शेवंतीने हार ओढून शेणकुंडात टाकला, पान टाकले, आणि वाटेवर उभी राहून अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असे ओरडली :

"कोण तो? तोंड दाखय! माझ्या घोवाक हार घालतलो तो फुडें सर! तुमच्या गोठ्यांतल्या गोरवांक लज आसता, तुमकां ना!"

एकही दार उघडले नाही.

डिसेंबरात मी मेजावर परत बसलो. पहिला माणूस आला तो म्हणाला, "पुंडलिकबाब, कागद दिवं मरे? बरोवपाक दितां हां, खावपाक न्हय." टायपिंगवाला खाली मान घालून हसला. मी अर्ज लिहून दिला. बिनचूक लिहून दिला. माझा सूड एवढाच असतो.

पण तो शिक्का माझ्या मानेवरून उतरत नव्हता. गोळ्या दोन वर्षे चालू ठेवायच्या आहेत, आजार उलटू शकतो, झोप गेली किंवा जीभ जड झाली तर त्याच दिवशी या, असे डॉक्टरबाईंनी सांगितले आहे. उद्या तसा दिवस आला तर त्या रजिस्टरात मी आधीच बैल आहे. जायला मला लांब जावे लागणार नाही. म्हणून तो अर्ज मागे घेण्याचे ठरवले. रीतसर, एकपानी, सहीनिशी.

उल्हास खिडकीत तोच होता. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"मूळ अर्जदार बैल," तो म्हणाला. "तुमी मनीस. दुसऱ्याचो अर्ज तुमी कसो फाटीं घेतले?"

"तो माझाच आहे, हे तुला माहीत आहे."

"म्हाका खबर आसा. पूण कागदार कितें? सही जुळपाक जाय, पुंडलिकबाब. तुमीच लोकांक सांगतात न्हय?" आणि त्याने शाईचे पॅड माझ्याकडे सरकवले. "मूठ मारात. आतांच कॅन्सल करतां."

तो बोलला ते नियमाला धरून होते. अर्ज देणाऱ्याची सही आणि मागे घेणाऱ्याची सही एक असावी लागते. मीच हे हजार वेळा सांगितले आहे.

मी मूठ वळली. पॅडवर आणली. शेवंती माझ्या शेजारी होती. एकदा दाबली की कागद रद्द, घरी जाता येईल, असे मी स्वतःला सांगितले. आणि त्याच क्षणी करंगळी अनामिकेला चिकटली. मला ते कळले. आंगठा कुठे आहे ते शोधू लागलो आणि सापडेना. मानेवर वजन आले. खिडकीच्या पलीकडे उल्हास मोबाईल उचलत होता.

शेवंतीने माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि एकेक बोट ओढून सरळ केले. बोटांना ती मोजत होती, मुलांना शिकवतात तसे, मोठ्याने. "एक. दोन. तीन." पाचव्याला ती उल्हासकडे बघून म्हणाली, "पाच आसात. फोटो काड आतां."

त्याने फोटो काढला नाही.

मी पेन घेतले आणि सही केली. पूर्ण नावाची. उल्हासने ती स्वीकारली नाही. महिन्याने कचेरीचे पत्र आले : "मूळ अर्जदार व अर्ज मागे घेणारी व्यक्ती एकच असल्याची खात्री होत नसल्याने मूळ अर्ज प्रलंबित ठेवण्यात येत आहे." त्या पत्राच्या पाकिटावर माझे नाव नव्हते. "अर्जदार, बिल्ला प्रकरण, लाटंबार्से" एवढेच होते. पोस्टमनने ते न विचारता आमच्याकडे आणून दिले.

सबब, या निवेदनाद्वारे मी पुढीलप्रमाणे मागतो.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी त्याच्याशी वाद घालू नये, त्याच्यासमोर हसू नये आणि पहिल्या आठवड्यातच मानसोपचार डॉक्टरकडे न्यावे. तो उभा राहत असेल तर त्याला उभ्याने न्यावे. दिगंबरने गवत पसरले त्याचे उपकार मी फेडू शकत नाही. आमच्या वाटेच्या तंट्यातला माझा दावा मी मागे घेतला आहे. त्यावर माझी सही आहे आणि ती जुळलेली आहे. डॉक्टरबाईंचा व वॉर्डातल्या परिचारिकांचा मी ऋणी आहे. शेवंतीबद्दल लिहिण्याइतकी भाषा माझ्यापाशी नाही, आणि हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत आहे.

आषाढातल्या तक्रारीतले "कोणाच्याही मालकीची नसून" हे शब्द खोटे होते. ते मी परत घेतो. मोरो माझा होता.

आणि संबंधित कचेरीस कळवतो की आवक रजिस्टरातील माझी नोंद लाल रेघेने रद्द करावी, समासातील शेऱ्याबद्दल कारकून उल्हास याचा लेखी खुलासा घ्यावा, आणि ओळख पटवण्यासाठी माझी मूठ पुन्हा मागू नये. ती मिळणार नाही. सही मिळेल, हवी तितक्या वेळा, तुमच्यासमोर.

केलेल्या कार्यवाहीचे उत्तर लेखी व पोस्टाने पाठवावे. पाकिटावर श्री. पुंडलिक तुळशीदास मळीक असे पूर्ण नाव घालावे. ते पाकीट मी माझ्या हाताने फोडणार आहे.